डायरेक्ट केलेली तार

प्रिय इल्गिज,

तू फोन बंद ठेवलायस, म्हणून हा कागद. तुझा दोस्त तालान्त उद्या आल्माटीला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. तू कुठे उतरलायस ते मी त्याला विचारलं नाही. पण पाकीट घ्यायला आला तेव्हा "पोचेल, काकू" म्हणाला आणि खाली बघत राहिला, म्हणजे त्याला ठाऊक आहे.

इकडे नारिनला नळ गोठलेत. गाय व्याली, कालवड झाली. हे तुला कळवायचं नव्हतं, घरातली चांगली बातमी तुला कशाला द्यायची असं वाटत होतं. पण हात लिहून गेला.

शरद ऋतूत कुबातच्या मालकीच्या लग्नाच्या हॉलमध्ये तू ते गरम हवेचं यंत्र बसवलंस, तेव्हा मी तिथल्या स्वयंपाकघरातलं काम सोडून बघायला आले होते. रंगमंचामागच्या खोलीत, छताला टांगलेला तो मोठा पत्र्याचा डबा. एका बाजूला पंखा, पुढे हीटरच्या कांड्या. तू मला लहान मुलीला समजवावं तसं समजावलंस. "आई, पंखा हवा ढकलत असेल तरच हीटर पेटणार. हवा कमी झाली की हा स्विच हीटरची वीज तोडतो. सारखं बंद पडायला लागलं तर त्याला शिव्या घालू नका, जाळी झाडा, पंख्याचा पट्टा बघा." सायराकान शेजारी ताटं पुसत होती. ती म्हणाली, "बघ, माझ्या पोराला किती कळतं." माझ्या पोराला, असं म्हणाली ती. मी चार वर्षं मॉस्कोत भांडी घासत होते तेव्हा तू तिच्याच हातचं खाऊन वाढलास, तेव्हा तिचा तो हक्क आहे. तू तिला एजे, थोरली ताई, म्हणतोस खरा, पण ताप आला की तिच्याच कुशीत शिरायचास.

आणि मग तालान्तच्या लग्नाचा दिवस. बाहेर हाडं फोडणारी थंडी आणि यंत्र सारखं बंद पडत होतं. पाहुणे बेशबर्माकच्या ताटांपुढे कोट घालून बसलेले. कुबात तुझ्यावर ओरडत होता, "तुझ्या दोस्ताचं लग्न आहे, आणि त्याच्या सासरची माणसं दात वाजवत बसलीयेत. लाज वाटत नाही?" तू म्हणालास, पट्टा सैल झालाय, नवा हवा. तो म्हणाला, "पट्टा उद्या. आज गरम कर." मी दारात उभी होते, हातात तळलेल्या बोर्सोकची परात. तू शिडीवर चढलास, स्विचची पेटी उघडलीस, खिशातून तारेचा तुकडा काढलास. मी विचारलं, "काय करतोयस?" तू वर बघतच म्हणालास, "स्विच सोडून डायरेक्ट केलं. आता नाही बंद पडणार."

नाही पडलं बंद. पट्टा तुटला, पंखा थांबला आणि त्या कांड्या लाल होत राहिल्या. डब्यातली धूळ पेटली, मग पाइपभोवतीचं अस्तर. हॉलमध्ये संगीत चालू होतं, म्हणून आधी कुणाला कळलंच नाही. हॉल तापल्यावर काढलेले कोट रंगमंचामागच्या त्या खोलीत टाकले होते, त्या ढिगावर पाहुण्यांची दोन पोरं झोपवलेली होती. हे तुला ठाऊक होतं का? सायराकानला होतं, कारण तिनेच झोपवली होती. ती आत शिरली. एक पोर काखेत, एक ओढत बाहेर आणलं. दुसऱ्याला ओढताना वरून जळतं अस्तर तिच्या हातांवर पडलं. पोरांना खरचटलंसुद्धा नाही. तू तेव्हा मेन स्विच पाडलास, माणसं बाहेर काढलीस, ते मी पाहिलं. कुणी म्हणत नाही तू भित्रा आहेस. मी म्हणते. आग विझल्यावर तू पळालास, माझ्या तोंडाकडे न बघता.

तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेत. मी रोज चमच्याने सूप भरवते. उजव्या हाताची बोटं वळतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. पहिल्यांदा शुद्धीवर आली तेव्हा विचारलं काय, तर "पोरगं जेवतंय ना नीट?" मी उठून व्हरांड्यात गेले, इतका संताप आला. तिच्यावर, तुझ्यावर, त्या कुबातवर, जो हॉलच्या दारात उभा राहून सांगतोय की यंत्रच खराब निघालं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. सोमवारी चौकशीचे साहेब दवाखान्यात आले होते. पेटीतली ती तार त्यांना सापडलीय. कुणी जोडली, म्हणून विचारलं. सायराकान म्हणाली, "मी. इल्गिजला करताना बघितलं होतं एकदा, थंडी वाजत होती, खुपसली." जिला चहाच्या किटलीचा प्लग लावायला भीती वाटते, तिने शिडी चढून तार जोडली, हे त्या माणसाने लिहून घेतलं, कारण कुबातने शेजारी उभं राहून मान डोलावली. ते गेल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "माझं काय उरलंय? त्याचं सगळं व्हायचंय. तू गप्प राहा." उशाशी भाकरी होती, त्या भाकरीवर हात ठेवून गप्प राहायची शपथ घे म्हणाली. मी घेतली नाही. आता गल्लीत बायका म्हणतात, म्हातारी प्यायली असेल. जिने पोरं वाचवली तिला.

साहेब शुक्रवारी पुन्हा येणार आहेत, त्या जबाबावर तिचा अंगठा घ्यायला. तिला अंगठा उमटवता येईल का, हेही त्यांनी पाहिलेलं नाही. मी तिथे असेन आणि दारात उभी राहून जे पाहिलं ते सगळं सांगेन, कुबातचं बोलणं, तुझी शिडी, तुझी तार. गुरुवारच्या गाडीने आलास तर तुझं तू सांगशील, मी शेजारी उभी राहीन, आणि पुढे तुला जिथे ठेवतील तिथे डबा घेऊन येत जाईन, कितीही वर्षं. नाही आलास, तर तुझं नाव मी ठेवलंय, मीच त्यांच्यापुढे घेईन.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
आई