दारात माणूस, घरात मी

तीर्थस्वरूप सिद्धम्माअक्कास, नांदेडहून धाकट्या बसवंताचे शरणार्थी, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? शिरूर अनंतपाळला पाऊसपाणी बरं असेल. माझी तब्येत ठणठणीत आहे (वजन वाढलंय, पण सांगणारं कुणी नसल्यानं फरक पडत नाही). तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

संक्रांतीला तू शेंगापोळ्यांचा डबा घेऊन एवढ्या लांब आलीस, घंटी वाजवलीस, दार उघडलं नाही म्हणून जिन्यात भेटलेल्या शेजारच्या रामकिशनच्या हातात डबा देऊन आल्या पावली परत गेलीस. संध्याकाळी तो म्हणाला, "सर, तुमच्या अक्काच्या पोळ्या लई झकास होत्या." होत्या! रिकामा डबा तेवढा धुऊन दिला. मला घंटी ऐकूच आली नव्हती गं. म्हणून ठरवलं, घंटीच नवी करायची. बटण दाबायला नको. पायपुसण्यावर माणूस उभा राहिला की आपोआप वाजेल अशी.

तंत्रनिकेतनात बावीस वर्षं मी असली सर्किटंच शिकवतो. आधी कागदावर अटी मांडल्या: माणूस दारात हवा, मी घरात हवा, दिवस असो किंवा रात्र असो. मुलांना सांगतो तसं सूत्र सोपं करत गेलो. दिवस-रात्र गळून पडली. उरलं एवढंच: दारात माणूस आणि घरात मी. इतकं सोपं झालेलं बघून मला जरा वाईटच वाटलं.

मग चिप आणायला गेलो, तर स्टोअरचा ज्ञानोबा म्हणाला, "सर, निस्ते नँड उरले हायत." म्हटलं, हरकत नाही, नँडपासून काहीही बनवता येतं (हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारतो). नँड हे चिपमधलं एक गेट, म्हणजे आई-बाप दोघं समोर असले तरच गप्प राहणारं पोर. एक जरी नसला तरी भोकाड. म्हणून त्याच्यापुढं आणखी एक नँड, आत जाणाऱ्या तारांचे दोन्ही पाय एकत्र बांधून, जोडायचा. तो उलट्याचं सुलट करतो. पहिल्या वर्षाचं पोरही हे विसरत नाही. मी विसरलो.

बॅटरी जोडली आणि घंटी बोंबलायला लागली. कोण आलं म्हणून धावत जाऊन पायपुसण्यावर उभा राहिलो, तर गप्प. पाय उचलला की सुरू. दहा मिनिटं मी तिथं एकटाच चढ-उतार करत होतो. रामकिशन त्याच्या दारातून बघत होता. "सर, सोताच्याच दारात काय करून राहिले?" मी म्हटलं, कुणी आलंय का बघतोय. दुसऱ्या दिवशी ती चालू ठेवूनच कॉलेजला गेलो, तर संध्याकाळपर्यंत सगळा मजला हैराण. आता बाहेर जाताना बॅटरी काढतो आणि घरात असलो की घंटी टॉवेलात गुंडाळून ठेवतो. डासासारखी गुणगुणत असते. आठ दिवसांत दोनदाच थांबली: एकदा गॅसवाला, एकदा तक्रार करायला रामकिशन. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे, त्याच चिपवर आणखी तीन नँड रिकामे पडलेत. हात धजत नाही. घरात काहीतरी आवाज असतो, अक्का.

तुझा, बसवंत

ता. क. पंचमीला ये. डबा आणू नकोस, नुसती ये. बटण शोधू नकोस, पायपुसण्यावर उभी राहा.

ता. क. दुसरा: वर खोटं लिहिलं. संक्रांतीला घंटी ऐकली होती. दोनदा. मला वाटलं, रामकिशनकडची असेल. भिंतीतून तिचा आवाज येतो. आपल्याकडं कोण येणार म्हणून मी उठलोच नाही. आता तशी चूक व्हायची नाही. त्याची घंटी कुणी आलं की वाजते. माझी थांबते.