दोन बटणांचं मशीन

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तू आधी 'जेवलीस का' विचारतेस आणि मग मला पुढचं काही बोलताच येत नाही. म्हणून लिहिते आहे. मधेच घडी घालून ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

विद्यार्थी संघाची सचिव म्हणून मी निवडून आले तेव्हा तू सगळ्या शेजारणींना सांगत सुटली होतीस. मेकॅनिकलची मुलगी, तीही सव्वादोनशे मतांनी! मलाही स्वर्ग दोन बोटं उरला होता. जाहीरनाम्यातलं पहिलं कलम माझं होतं: वर्कशॉपमधली सगळी मशीनं तपासून घेणार, जिथे हात वाचवणारी जाळी नाही तिथे ती बसवून घेणार. ते लिहिताना तुझा डावा हात माझ्या डोळ्यांसमोर होता.

आता या संघाची थोरवी ऐक. आमच्या खोलीत तीन खुर्च्या धड आहेत आणि अकरा पदाधिकारी, त्यामुळे अर्धी बैठक कोण कुठे बसणार यातच जाते. उरलेली अर्धी फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा यात. अध्यक्ष दर दहा मिनिटांनी खिशातून कंगवा काढतो. सल्लागार सर वेफर्स खातात आणि तेलकट बोटं ठरावाच्या कागदाला पुसतात. ठराव मात्र बैठकीच्या आदल्या दिवशीच टाइप होऊन आलेले असतात. माझं कलम सात वेळा 'पुढील बैठकीत घेण्यात येईल' म्हणून पुढे ढकललं गेलं, आणि ते वाक्य सातही वेळा मीच लिहिलं. पहिल्या दोन वेळी मी भांडले. तिसऱ्या वेळेपर्यंत गेटवरचा वॉचमन मला सलाम ठोकायला लागला होता, प्राचार्यांच्या केबिनमध्ये मला खुर्ची मिळायला लागली होती. ते मला आवडायला लागलं होतं, आई. आज आठवलं तरी शिसारी येते.

मग नव्या सभागृहाचं उद्घाटन निघालं. अध्यक्षाला प्रत्येक पाहुण्याच्या छातीवर संघाचा पत्र्याचा बिल्ला हवा होता. तीन हजार बिल्ले, गुरुवारच्या आत, आणि तेही आमच्याच वर्कशॉपमध्ये दाबून काढलेले, म्हणजे भाषणात तसं सांगता येईल. आमच्याकडचा प्रेस अगदी तुझ्या कारखान्यातल्यासारखा आहे. आठवतं, ओट्यावर दोन वाट्या पालथ्या घालून तू मला समजावलं होतंस? दोन बटणं लांब लांब असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. आणि घाई झाली की सुपरवायझर एका बटणात पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवतो. मग एक हात पत्रा सरकवतो, दुसरा बटण दाबतो, आणि माल दुप्पट निघतो.

बिल्ल्यांच्या कामाला पेंगू बसला होता. तू त्याला ओळखतेस, माझ्याबरोबर घरी आला होता आणि जेवता जेवता त्याला डुलकी लागली होती. मी नुसतं म्हटलं आणि तो आला, एका शब्दानं का म्हणून विचारलं नाही. बुधवारी दुपारी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्या वेळी आम्ही वरच्या मजल्यावर फ्लेक्सवरचा प्राचार्यांचा फोटो डावीकडे की उजवीकडे यावर वाद घालत होतो.

लगेच तिघांची चौकशी समिती बसली. सर म्हणाले, फार पाल्हाळ नको. अध्यक्ष म्हणाला, तो तर वर्गातही झोपतो, सगळं कॉलेज त्याला पेंगूच म्हणतं. ते नाव त्याला पहिल्या वर्षी मी ठेवलं होतं. अहवाल लिहायचं काम सचिवाचं, म्हणून तोही मीच लिहिला: 'काम करताना सदर विद्यार्थ्याचे लक्ष नव्हते.' कोणी एक शब्द बदलला नाही. सर म्हणाले, किती नेमकं लिहितेस! नेमकं का नाही येणार? कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात तुझ्या अपघाताचा कारखान्यानं दिलेला कागद आहे, मी सातवीत असल्यापासून तो काढून वाचत आले आहे. त्यात फक्त 'विद्यार्थ्याचे'च्या जागी 'कामगाराचे' आहे.

दवाखान्यात समितीनं विचारलं तेव्हा पेंगूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ते गेल्यावर त्यानं मला एवढंच विचारलं, बिल्ले पुरे झाले का गं?

आई, ती पाचर मी ठोकली होती. मोडक्या फुटपट्टीचा तुकडा तासून, तू सांगितलं होतंस तशीच. पेंगू म्हणाला होता, असं नको करू, आणि मी म्हटलं होतं, अरे, गुरुवारपर्यंतचाच प्रश्न आहे. त्याला दवाखान्यात नेलं, वर्कशॉप रिकामं झालं, तेव्हा ती काढून खिशात घातलीही मीच. अध्यक्षाला आणि सरांना नावं ठेवत मी चार पानं भरली, पण मला खरी किळस कोणाची येते आहे ते तुला एव्हाना कळलं असेल. उद्या दहा वाजता पेंगूच्या आईला अहवाल वाचून दाखवणार आहेत आणि त्यावर तिची सही घेणार आहेत. मी तो वाचणार नाही. तो तुकडा टेबलावर ठेवणार आणि तिच्याकडे बघून सांगणार, तुमच्या मुलाचं लक्ष होतं, हे मी केलं. अकरा वर्षं तू त्या सुपरवायझरला शिव्या देतेस आणि शेवटी दर वेळी म्हणतेस, मेल्यानं नुसतं येऊन खरं सांगितलं असतं तरी पुरे होतं. हे पत्र तुला मिळेल तोवर माझं बोलून झालेलं असेल, कॉलेजातून नावही कमी झालं असेल. मी घरी आले तर दार उघड, पण लगेच 'जेवलीस का' म्हणू नकोस. आधी त्याला देतेस त्या सगळ्या शिव्या मला दे.

तुझीच,
लेक