शाळेच्या गाडीतलं बिऱ्हाड

कराड,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का हिस,
दादासोचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की तुझ्या आधी सगळ्या माधवनगरला कळतं. म्हणून पत्र. माझ्या दिग्विजयनं तुला काही सांगायच्या आत मीच सांगतो. मी गाडी घेतली. राहायला.

आता शांतपणानं वाच. मी राहतो ते घर पाडायचं ठरलंय हे तुला ठाऊक आहे. मालक माणूस भला, त्यानं दिवाळी होईपर्यंत थांबू दिलं. पण नव्या खोल्यांची भाडी ऐकली आणि माझी एस.टी.ची पेन्शन बघितली. भाडं दिल्यावर जेवायचं की गोळ्या आणायच्या, एवढंच ठरवायचं उरतं. चाकणला दिग्विजयकडंही राहून आलो. सूनबाई जीव लावते. पण त्यांच्या दोन खोल्या. मी पाय लांब केले की नातवाचा अभ्यास बंद. एकदा पोरगं दप्तर उचलून मोरीच्या दारात जाऊन बसलं, तेव्हा मी पिशवी भरली.

केरबा मिस्त्रीच्या गॅरेजमागं शाळेची एक जुनी व्हॅन पडून होती. पिवळी, चाकांत गवत वाढलेलं. भंगाराच्या भावात मिळाली. इंजिन मी स्वतः ऐकलं. जन्मभर तेच ऐकत आलो. खोकतं, पण छाती भक्कम आहे. पासिंग, विमा सगळं रीतसर केलं. आतली बाकडी काढून फळी ठोकली, फळीखाली ट्रंक, मागं शेगडी आणि पाण्याचा कॅन.

काल पहिल्यांदा आत मांडी घालून बसलो. अक्का, चारी बाजूंना खिडक्या! माझ्या खोलीला एकच होती, तीपण शेजाऱ्याच्या भिंतीकडं. सूर्य मावळताना सगळी गाडी आतून केशरी झाली. मी तसाच बसून राहिलो, चहा गार झाला. साठी उलटल्यावर माझ्या नावावर पहिलं घर झालं, आणि त्याला चाकं आहेत.

पत्र केरबाच्या गॅरेजच्या पत्त्यावर टाक. रागव, पण लिही. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
दादासो

*

माधवनगर,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. दादासो यास,
अक्काचे आशीर्वाद, आणि त्याच्यासंगं एक कानफटात बसली असं समजून घे. वि. वि.

आरं, डोस्कं फिरलं का तुजं? अंघूळ कुठं करणार? आजारी पडलास तर पाणी कोण देणार? रस्त्याकडंला झोपलेल्या माणसाला पोलीस उठवत्यात, कुत्री उठवत्यात. आपल्या बाला जमीन कमी हुती, पण चार भिंती हुत्या.

शेजारच्या भामाबाईनं हातवारं करून इचारलं, भावाचं काय पत्र. मी म्हणाले, शाळेची गाडी घेतली. तर ती म्हणती, या वयात पोरांची ने-आण करतोय, लय कष्टाळू हाय. मी व्हय म्हणाले. आता तुज्यापायी हे खोटं निभवत बसायचं.

हिकडं ये म्हणायला मला तोंड न्हाई, तरी म्हणते. माजी खाट जिन्याखाली हाय, तिच्या शेजारी एक सतरंजी पडंल. रविराज माजा पोटचा हाय, तो नको म्हणणार न्हाई. सून उत्कर्षा तर काहीच म्हणत न्हाई. यंत्रमागांच्या खडखडाटात माजं कान गेल्यापासनं या घरात माज्याशी हातानंच बोलत्यात. जेव. सरक. बस. त्यांची चूक न्हाई, ओरडून ओरडून माणूस दमतं.

एक सांग. खिडक्यांना पडदं हायत का न्हाईत? थंडी पडंल आता. माज्याकडं जुन्या लुगड्यांची वाकळ हाय, उबदार. रविराजच्या मित्राचा टेम्पो कराडला येतो, त्याच्यासंगं देते. गाडी आवडली म्हणून देत न्हाई. भाऊ हायस म्हणून देते.

जिवाला जप आणि लोभ राहू दे.

तुजी,
अक्का

*

बामणोली,
२० डिसेंबर २०२४

ती. अक्का हिस,
दादासोचा नमस्कार. वि. वि.

वाकळ मिळाली. अंगावर घेतली की घर आठवतं, इतकी जड आणि गोड आहे.

मी मेढा डेपोत असताना बामणोलीची गाडी किती वर्षं चालवली, तुला माहीत आहे. इथं यायचं, गाडी वळवायची, चहा, आणि माणसं भरली की परत. गाडी वळवली की धरणाच्या तळ्याकडं माझी पाठ. माणसं तळं बघायला यायची आणि मी आरशात बघायचो, कोणी मागं राहिलं का.

परवा पहिल्यांदा गाडी तळ्याकडं तोंड करून लावली. सकाळी काच पुसली तर पुढं काहीच नाही. पाणी नाही, डोंगर नाही, नुसतं पांढरं. वाटलं, मोतीबिंदू झाला. मग त्या पांढऱ्यातून आधी एका डोंगराचं टोक आलं, मग दुसरं, जणू कोणी जग एकेक करून मांडत होतं. शेवटी धुकं उठलं आणि खाली ते पाणी, अक्का, इतकं निवांत की डोंगर कुठला आणि पडछाया कुठली ते कळेना. एक होडी आली तेव्हा समजलं की पाणी खाली आहे.

मला रडू आलं. दुःखाचं नव्हे. एवढं सगळं रोज माझ्या पाठीमागं घडत होतं आणि मी माणसं मोजत होतो.

अंघोळीचं विचारलंस. देवळामागच्या नळावर करतो, गावकऱ्यांना विचारून. शाळेची पोरं पिवळी गाडी बघून हात करतात. मीपण करतो. दुसरं काही काम नाही.

पडदे अजून नाहीत. लावावेसे वाटत नाहीत. माया असू दे.

तुझा,
दादासो

*

माधवनगर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. दादासो यास आशीर्वाद. वि. वि.

दिग्विजय येऊन गेला. तुला ताप आला हुता, तू कराडात गाडीत एकटा पडून हुतास, आणि कुणाला कळवलं न्हाईस. केरबा मिस्त्री सहज गाडी बघायला आला म्हणून दवाखाना घडला. हे मला भाच्याकडनं कळावं?

तळं बघून ताप उतरतो का रं? डोंगर येऊन कपाळावर पट्टी ठेवत्यात का? दिग्विजय माज्यासमोर बसून रडला. सगळं माज्याशी हातानं बोलून सांगितलं.

मी आजवर तुला आज्ञा केली न्हाई. आता करते. होळीपर्यंत गाडी इकायची आणि चार भिंतींत जायचं. दिग्विजय मोठी खोली बघतोय. तवर मी पत्र लिहिणार न्हाई, आणि मी बोलले ते पाळते हे तुला ठाऊक हाय.

अक्का

*

कराड,
६ एप्रिल २०२५

ती. अक्का हिस,
दादासोचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तू लिहीत नाहीस, तरी मी लिहितो. होळी झाली. गिऱ्हाईक मिळायला उशीर झाला, पण तुझी आज्ञा मोडायचं मनात नव्हतं, हे आधी ऐक. केरबानं गिऱ्हाईक आणलं होतं, एक फळवाला. पाटणकडून मी गाडी त्याच्या हवाली करायलाच कराडला निघालो होतो. ट्रंक बांधलेली, वाकळ घडी करून वर ठेवलेली.

मल्हारपेठच्या अलीकडं रस्त्यालगत, ऊस तुटून गेलेल्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. आटपाडीकडची माणसं. पाणी प्यायला थांबलो. त्यांच्यातला म्हातारा नाथाजी वर बघत होता. त्यानं मला सांगितलं की गाडी झाडाखालून काढ, आभाळ फुटणार आहे. मला तर ऊनच दिसत होतं. तरी काढली. बघता बघता डोंगरामागून आभाळ आलं, शाईसारखं, आणि वारा एकदम थांबला. अक्का, एवढी मेंढरं, पण एकाचाही आवाज नाही. मग पहिली गार टपावर पडली. लिंबाएवढी.

नाथाजीची कारभारीण बनुबाई कोकरं पदरात घेऊन पळत होती. नुकती जन्मलेली, ढीगभर. त्यांचं कापडी पाल गारांबरोबर सुटलेल्या वाऱ्यानं केव्हाच उडालं होतं. मी गाडीचं दार सरकवलं आणि तिला खूण केली. विचारायला वेळ नव्हता. तिनं आधी आपली दोन नातवंडं आत टाकली, मग कोकरं. मी बाहेरून उचलून देत होतो, ती आत रचत होती. फळीवर कोकरं, फळीखाली कोकरं, तुझ्या वाकळीवर कोकरं. माझ्या डोक्यावर गार बसली, रक्त डोळ्यांत आलं, तरी हात थांबले नाहीत. नाथाजी मात्र आत आला नाही. घोंगडं डोक्यावर घेऊन मेंढरांच्या मधोमध उभा राहिला, आणि सगळी मेंढरं माना खाली घालून त्याला चिकटून राहिली. टप असा वाजत होता की मला वाटलं, हा चिरतोय. चिरला नाही.

थांबलं तेव्हा रान पांढरं. चैत्रात, अक्का! त्यातून वाफ निघत होती. काही मेंढरं गेली, नाथाजीनं त्यांच्यावरून हात फिरवला आणि उठला.

मग मी दार उघडलं. कोकरं एकदम ओरडायला लागली आणि बाहेरून आया ओरडायला लागल्या. शेकड्यांनी आवाज, सगळे मला सारखेच. मी बनुबाईला म्हणालो की आता कुठलं कुणाचं, कसं लावणार? ती हसली, म्हणाली की आपण नाही लावायचं, तू बाजूला हो. मी बाजूला झालो. कोकरं गारांवरून धडपडत सुटली. प्रत्येक आई त्या गर्दीतून, दुसरी कोकरं डोक्यानं सारत, आपल्याच कोकराशी गेली. हुंगलं आणि दूध पाजायला उभी राहिली. जरा वेळानं सगळं शांत. नुसत्या हलणाऱ्या शेपट्या. मी चिखलातच हात जोडून बसलो. देवळात कधी असे हात जोडले नव्हते.

बनुबाईनं जखमेत हळद भरली. दोन रात्री त्यांच्यातच होतो. कराडात जो तो विचारतो, गाडीत का राहतोस. इथं कुणी विचारलं नाही. फक्त विचारलं की आता कुठं जाणार.

फळवाल्याला नाही म्हणून कळवलं. दिग्विजयला शब्द दिलाय, रोज संध्याकाळी फोन करीन आणि अंग गरम वाटलं की त्याच दिवशी चाकण गाठीन. तुझी आज्ञा आता मोडली. शिक्षा काय ती सांग, पण न लिहिण्याची नको.

तुझा,
दादासो

*

माधवनगर,
१५ एप्रिल २०२५

चि. दादासो यास अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

डोक्याला टाके पडले का? हळदीवर भागवू नको.

तुजं पत्र मी जिन्याखाली बसून वाचलं, मग उजेडात जाऊन वाचलं. ती एकेक आई कशी गेली असंल, ते डोळ्यापुढनं हलत न्हाई. माज्या भावानं दार उघडलं म्हणून ती कोकरं जगली. आता मी भामाबाईला खरं सांगितलं. ती आ वासून बसली.

एक इचारायचं हुतं. गाडीची पायरी किती उंच हाय? माजं गुडघं दुखत्यात. सहज इचारते.

अक्का

*

माधवनगर,
११ मे २०२५

चि. दादासो यास,
तुज्या अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू मला दारात सोडून गेलास त्याला आठवडा झाला, पण माजं अंग अजून गाडीतच हाय. बसल्या जागी हललं की वाटतं, घाट आला. पायरीसाठी लाकडाचं खोकं ठेवलंस, ते ध्यानात हाय. आणि फळीवर मला निजवून तू खाली निजलास, तेबी.

चाळकेवाडीचं पठार मी कुणाला कसं सांगू? सज्जनगडापासनं चढत गेलो तवर मी आपली घाटाला भिऊन देवाचं नाव घेत हुते. वर गेलो आणि आभाळ एवढं मोठं हाय हे मला या वयात कळलं. माजं आभाळ म्हणजे गल्लीवरची पट्टी. तिथं तर खालीबी आभाळच, दरीत घारी फिरत हुत्या आणि मी त्यांच्या पाठी वरनं बघत हुते. घारीची पाठ मी जन्मात बघितली नव्हती.

आणि त्या पवनचक्क्या. लांबनं खेळण्यातल्या वाटल्या. बुडाशी उभी राहिले तर टोक बघताना पदर पडला डोक्यावरचा. तू खुणेनं सांगितलंस, हात लाव. मी लावला. दादासो, तुला तवा सांगता आलं न्हाई, म्हणून आता लिहिते. त्या लोखंडातनं घुमणारं काहीतरी माज्या हातात आलं, कोपरात आलं, दातात आलं. किती वर्षांनी मला ऐकू आलं. कानानं न्हवं, सगळ्या अंगानं. वरचा सगळा वारा माज्या तळहातातनं चालला हुता. तू दोनदा खुणेनं चल म्हणालास आणि मी आले न्हाई, ते यासाठी. तुला वाटलं अक्का घाबरली.

आता घरचं सांगते. परत आल्यावर रविराजनं खुणेनं इचारलं, बरी हायस? मी मान हलवली. संपलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी उत्कर्षा आली. एरवी ती पाठीमागनं ताट सरकवून जाती. त्या दिवशी गॅस बंद करून माज्या पुढ्यात खाली बसली, आणि माज्याकडं तोंड करून सावकाश, एकेक शब्द ओठानं करून बोलली. मला सगळं कळलं. ती इचारत हुती की तुमी तिथं काय बघितलं? आल्यापासनं तुमचं तोंड येगळंच दिसतंय.

मी सांगायला लागले. आभाळ सांगितलं, घारी सांगितल्या. पवनचक्कीपाशी आले आणि मला शब्द सापडंना. मग मी तिचा हात घेतला, माज्या छातीवर ठेवला, आणि डोळं मिटून घशातनं, आत आत, घुमवत राहिले. मला माजा आवाज ऐकू येत न्हाई, पण तिच्या हाताखाली तो लागत हुता. दम संपला तवा डोळं उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी हुतं, आणि ती हात काढंना.

तिनं काही मागितलं न्हाई. ती कवाच मागत न्हाई. म्हणून मीच इचारते. फळीवर दोघी मावू का, तेवढं कळव.

असाच फिरत राहा, ताप आला तर लपवू नको, आणि माज्यावरची माया कमी करू नको.

तुजी,
अक्का