बिनपाठीची चोळी

४ जानेवारी, शनिवार
आजपासून रोज लिहिणार. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर सुनेपेक्षा बरं हाय. नात सृष्टीच्या कॉलेजात गॅदरिंग हाय. पेशवाईतल्या बायकांचा पेहराव करून स्टेजवर चालायचं. लुगडं माझ्या आईचं हायच. चोळी मी शिवणार, जाहीर केलं. सृष्टी म्हणली, "आज्जी, ओरिजनल पाहिजे हं. मॅडम रिसर्च विचारतात." म्हणलं, रिसर्च माझ्यावर सोड.
काष्टीच्या बाजारातून खण आणला. पिशवीत खाली खण, वर मेथी. तरी शेजारच्या लंकाबाईनं हटकलंच. "मेथी कशी दिली, गोजराक्का?" मेथी! निम्म्या गावाचे ब्लाऊज शिवती ती. नजर खणावर हुती.

६ जानेवारी
रिसर्च सुरू. सृष्टीनं मोबाईलवर जुनी चित्रं दाखवली. सगळ्या बाया पुढून काढलेल्या. पाठ एकीचीबी दिसंना. मोबाईलचा भरवसा न्हाई.
मग डोकं चालवलं. देवीची चोळी! गुरवीण राहीबाई म्हणली, "सासूच्या सासूपासून हाच बेत हाय." म्हणजे पेशवाईच की. देवीची उतरलेली चोळी मागून घेतली. "अगं गोजरे, पण देवी…" असं कायतरी मागून म्हणत हुती. थांबले न्हाई. लंकाबाई ओट्यावर बसली हुती, चोळी पदराखाली घातली.

७ जानेवारी
मोठा शोध लागला! चोळीला पाठच न्हाई. पुढं कापड, बाह्या खालून उघड्या, मागं नुसत्या नाड्या. त्या काळच्या बाया पदर पाठीवर घट्ट का घ्यायच्या ते आता उमगलं. एवढ्या शिकलेल्या मॅडम, त्यांना ठावं न्हाई. कुणाला सांगायचं न्हाई. चोळी ज्वारीच्या कोठीत लपवली.

१० जानेवारी
निश्चय: रोज एक बाही. आज झाली न्हाई. सुई गायब. लंकाबाई सकाळी येऊन गेल्ती.
सुई पदरालाच सापडली. संशय कायम.
सृष्टी सारखी लंकाबाईकडं जाती. म्हणती, विरजण आणते. दारात दोन म्हशी असताना? लंकाबाई पोरीला फितवून माझा शोध काढून घेती.

१३ जानेवारी, भोगी
तीळ लावून भाकरी केली, छान झाली. मग सृष्टीचं माप घ्यायला गेले. "कालच दिलं की." कुणाला? "म्हणजे… कॉलेजात." कॉलेजात आता मापं घेत्यात! फी त्याचीच असंल. मग माझ्याच जुन्या ब्लाऊजवरून बेतली. बाही उद्या नक्की.

१७ जानेवारी
झाली चोळी! सृष्टीला घालून बघितली. सुनेनं पदर तोंडात कोंबला. सृष्टी म्हणली, "आज्जी, पाठ कुठाय?" मी रिसर्च समजावून सांगितला. तेवढ्यात राहीबाई देवीची चोळी परत मागायला आली अन् कपाळाला हात लावला. "गोजरे, देवी दगडाची, भिंतीला टेकून बसलेली! तिच्या अंगात चोळी कशी जाणार? पुढून लावायची अन् नाड्या मागं सारायच्या. सांगत हुते त्या दिवशी, तू थांबलीस कुठं?"
उद्या गॅदरिंग. पोरीनं काय घालायचं?

१८ जानेवारी, शनिवार
सृष्टी स्टेजवर आली. अंगात चोळी. पुढं गाठ, मागं अख्खी पाठ. लंकाबाईचा टाका मी अंधारातबी ओळखीन. हेच ते विरजण.
दुसरा नंबर आला. मॅडमनी माईकवर विचारलं, चोळी कुणी शिवली? सृष्टी म्हणली, "माझ्या आज्जीनं." टाळ्या. मी उठून नमस्कार केला. मग काय करणार? लंकाबाई शेजारच्याच खुर्चीवर हुती. सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या तिच्याच.
येताना माझी चोळी देवीला लावली. जरा सैल, पण नाड्या ओढल्यावर बसली. तिनं पाठ मागितली न्हाई.
लंकाबाई दारापर्यंत सोबत आली. म्हणली, "गोजराक्का, चोळी झकास झाली हं." अन् गेली. बास, एवढंच.
एवढं गप्प माणूस उगीच राहत न्हाई. हिला नक्की काय पाहिजे ते शोधून काढणार. रिसर्च मला जमतो.