राशीवरचं कुंकू

आबा, लिवण्यात चुका आसतील, माफ करा. नववीतनं शाळा सोडली, ऱ्हस्व-दीर्घ तवाबी जमत न्हवतं, आन मोबाईलवर एकेक अक्षर हुडकायला लय येळ लागतोय. तुमाला जाऊन आट वर्सं झाली.

मी आता माधवनगरला एका हापिसात जाती. शेतकरी हळदीच्या राशीचा फोटू मोबाईलवर टाकत्यात, मशीन बघून माल चांगला का खराब सांगतं, आन व्यापारी तेच धरून बोली लावत्यात. मशीनला आदी कुणीतरी शिकवावं लागतं. पयलं वरीसभर मी तेच केलं. फोटूत डाग दिसला की बोटानं गोल काढायचा. आता तक्रारी आल्यात, म्हणून तेच फोटू परत तपासायचं काम माज्याकडंच दिलंय, मशीन कुणावर अन्याव करतंय का बघायला. डोळं पार शिणत्यात.

सोमवारी उंब्रजच्या एक मावशी पिशवी घेऊन थेट हापिसात आल्या आन सायबांच्या टेबलावर हळद ओतली.

"दावा की, कुठं रोग हाय ह्यात?"

सायेब म्हणाले, "मावशी, मशीन खोटं बोलत नाही."

"मग माजी हळद बोलली व्हय खोटं?"

सगळी हसली. मावशी माज्याकडं वळल्या. "पोरी, तू तरी बघ." मी मशीनकडं वळली.

त्यांनी टाकलेला फोटू हुडकून बघितला. राशीच्या मधोमध कुंकू. आदी रास पुजलेली, मग फोटू काढलेला. मशीननं कुंकवाला रोगाचा डाग धरलेलं. मग बाकीचं बघत गेली. गोडाऊनवाल्यांचा माल ट्रेमधला, त्यावर कुंकू कुठलं? तो पास. अंगणात रास पुजणाऱ्या बायकांचाच माल खराब.

आबा, हे मशीनला मीच शिकवलंय. लाल दिसलं की गोल काढा, आसं हापिसात आमाला सांगितलेलं. ते कुंकू हाय हे मला पयल्याच दिवशी कळलेलं. पण चार माणसांत बोलायचं मला जमत न्हाई. गोल काढत गेली.

मार्केट यार्डात तुमी हमाली करत व्हता, तवा मी एकदा डबा घेऊन आलेली, आन चप्पल घालून राशीवरनं उडी मारलेली. तुमी दंड धरून मला बाजूला वढलंत. "पुजलेली रास हाय ती. कुणाचं वरीस तुडवतीस?" मी रडाय लागली, तवा हातात एक हळकुंड दिलंत. दप्तराला कितीतरी दिस त्याचा वास येत व्हता.

सायेब म्हणाले, "रिपोर्टात लिही, फोटो नीट काढला नव्हता." मी तसं लिवलं न्हाई. कुंकू आसल्यालं सगळं फोटू निवडून जोडलं, मशीन चुकतंय म्हणून लिवलं, मावशींचा फोटू सगळ्यात वर लावला. सायेब बघू म्हणाले. पण गोल कुणी काढलं ते मी लिवलं न्हाई. रिपोर्टातली ती जागा कोरी सोडली. तुमालाच सांगती, आन हे कुठं पाठवायचं न्हाई म्हणून सांगती.

आन हां, आपल्या दादाची मिलिट्रीत भरती झाली. टरेनिंगला बेळगावला जायचंय त्याला, आईतवारी.