शेवाळासाठी पाणी कुठलं?

पुणे, ५ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शकुनचा सा. नमस्कार.

फोनवर तू भाषण सुरू करतोस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून पत्र. पाय बरा आहे, वॉकर घेऊन घरभर फिरते. या थंडीत नेहमीसारखं तुझ्याकडे बेहाल्याला यायचं आहे. पण गेल्या वर्षी तुझ्या अंगणातल्या शेवाळावरून पडून माझा खुबा मोडला, हे क्षितिज विसरायला तयार नाही. अंगण स्वच्छ झाल्याचा फोटो पाहिल्याशिवाय तिकीट काढणार नाही, असं त्यानं मला ऐकवलं. मुलगा आहे की तपासनीस, कोण जाणे!

ब्लीचिंग पावडर आणि खराटा पुरे झाला. ते पाण्याचा जोरदार फवारा मारणारं प्रेशर वॉशर आण. इथे मुलगा-सून दिवसभर ऑफिसात आणि मी भिंतींशी बोलते. मला यायचंच आहे, दादा.

शोभावहिनीला नमस्कार. लोभ आहे तो मात्र घासून काढू नकोस.

शकुन

बेहाला, कोलकाता, १३ सप्टेंबर

चि. शकुन हिला अनेक आशीर्वाद.

यंत्र आणलं. दुकानदार सगळ्यात जोरकस यंत्र गळ्यात मारत होता. मी त्याला विचारलं, आमच्या नळाची धार करंगळीएवढी, तीही ठरावीक वेळी; एवढं यंत्र पिणार काय? यंत्र ओढेल त्याहून जास्त पाणी नळातून आलं नाही, तर पंप हवा ओढतो आणि बिघडतो. म्हणून लहान घेतलं, पिंपातून स्वतः पाणी ओढणारं.

खरं कारण वेगळं आहे. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळावर बायका बादल्या लावून उभ्या असतात. त्यांच्यादेखत पिण्याचं पाणी मी शेवाळावर उडवू? बँकेच्या दारात युनियनचा पुढारी म्हणून उभा राहून जन्मभर हक्कांवर बोललो, ते माझ्या अंगणाला लागू नाही का? पाणी ही मालमत्ता नव्हे, वाटणी आहे. आणि वाटणीत ज्याचा घसा कोरडा, तो पहिला!

सुदैवानं दुसरं पाणी आहे. यंदा इथल्या मराठी घरांचे शाडूचे गणपती मी गंगेत जाऊ दिले नाहीत. आपल्याच अंगणात मोठ्या पिंपात विसर्जन केलं. वरचं पाणी आरशासारखं निवळलं आहे. शोभा म्हणते, ते झाडांना घालायचं, त्यावर पाय पडता कामा नये. मी म्हटलं, बहिणीचा पाय घसरू नये म्हणून वापरलेल्या पाण्याला पाय लागला, तर देव रागावणार नाही. तिनं तांब्या नेऊन जास्वंदीपाशी ठेवला. म्हणजे ती हरलेली नाही. उद्या सकाळी सुरू करतो.

आशीर्वाद पुरवून वापर.

श्यामकांत

पुणे, २० सप्टेंबर

ती. दादास सा. न.

पत्र दोनदा वाचलं. एकदा बहीण म्हणून, एकदा श्रोता म्हणून. श्रोत्यानं टाळ्या वाजवल्या. पण अरे, देवाचं सोड, मातीचं बोल. शाडू निवळला म्हणजे नाहीसा झाला का? तो तळाशी बसतो. पाइप तळाला सोडलास तर यंत्राला चिखलाचा नैवेद्य! वहिनीचं ऐक.

क्षितिजला पत्र वाचून दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, मामा नळाचं पाणी वापरणार नसेल तर आई इथेच राहील; त्याच्या तत्त्वासाठी माझ्या आईचा दुसरा खुबा मोडायला नको. तुझी बाजू घ्यायला माझ्याकडे शब्द होते. पण त्याचंही खरं आहे ना?

लोभ तेवढाच आहे, धीर थोडा कमी झाला आहे.

शकुन

बेहाला, २७ सप्टेंबर

चि. शकुन, आशीर्वाद.

तुझं पत्र पोचायच्या आधीच खरं ठरलं होतं. यंत्र क्षणभर चाललं, किंचाळलं आणि गप्प झालं. जाळीत शाडूची लापशी. पाइप मी तळाशीच सोडला होता. दुकानदारानं पंप उघडून धुऊन दिला. उरलेलं पाणी शोभानं तांब्या-तांब्यानं जास्वंदीला घातलं.

क्षितिजला सांग, तुझा मुद्दा मान्य. नळ तरीही लावणार नाही. पिंप धुऊन गच्चीच्या पन्हळीखाली ठेवलं, तोंडाला जुनी सुती साडी बांधली. पाऊस झाला, पिंप भरलं. पाइपचं टोक तळापासून वीतभर वर टांगलं, आधी त्यात पाणी भरून हवा काढली आणि यंत्र लावलं. उत्तम चाललं. पण पाणी एक पिंपच. एवढ्यात सगळं अंगण होत नाही. म्हणून फाटकापासून तुझ्या खोलीपर्यंत आणि तिथून न्हाणीपर्यंत एक पट्टा धुतला, वॉकर मावेल एवढा. हिरव्या अंगणात पांढरी वाट. मी अनवाणी चालून पाहिलं, घसरलो नाही.

फोटो क्षितिजला पाठवला आहे. त्याला पटला नाही तर मी वाद घालणार नाही. हे वाक्य माझ्या हातून प्रथमच लिहिलं जात आहे.

तुझ्या लोभावर भिस्त ठेवून,

श्यामकांत

पुणे, ३ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

क्षितिजनं फोटो मोठा करकरून पाहिला. बाजूचं शेवाळ मामानं का सोडलं, म्हणून विचारलं. पाणी संपलं, एवढंच मी सांगितलं. संध्याकाळी त्यानं तिकीट काढलं. अट एकच: त्या वाटेवरून जाताना आईचा हात कोणीतरी धरायचा.

आता तूच बघ, दादा. वाट आहे एका वॉकरपुरती, मग हात धरणारा शेवाळावरून चालणार का? पाऊस जायच्या आत आणखी एक पिंप भरून घे आणि वाट तुझ्यापुरती रुंद कर.

बाकी लोभाचं समक्ष.

शकुन