एकसष्ट लाकडी चिमटे

मी, रोंडा कीपिंग, वय सेहेचाळीस, मर्सर्स टिकल गावच्या टपाल कचेरीतली एकुलती एक कर्मचारी, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, भर दुपारी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप, आणि ती बदलून घ्यायला मी सोमवारी सेंट जॉन्सला जाणार आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. घाबरण्यासारखं काय असतं, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस घातलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर, मागचं अंगण, अंगणातले दोन खांब आणि त्यांच्यामधली कपडे वाळत घालायची दोरी मी माझा भाऊ गार्लंड याची मुलगी सेलीना हिला देते. बँकेत जे काही असेल तेही तिचंच. घराचं छप्पर सिनेमाच्या पैशातून झालं आहे, याची लाज बाळगू नये. गळत नाही ते छप्पर चांगलं. मात्र सिनेमा कंपनीला हे अंगण एका दिवसासाठीसुद्धा भाड्याने देऊ नये. त्यांची दोन पत्रं आली आहेत, दुसऱ्या भागासाठी. तो भाग काढायचा हक्क त्यांना मीच सही करून दिला आहे. अंगण दिलेलं नाही.

कलम २. माझा कॅमेरा आणि चिकटपट्टी गुंडाळलेली तिपाई शाळेला. मुलांनो, भीतीचं काही करायचं असेल तर कारण शोधत बसू नका.

हे का लिहिते, ते सांगते. बारा वर्षांपूर्वी याच अंगणात मी सात मिनिटांचा एक लघुपट केला. एक मुलगी दोरीवरच्या चादरी काढते आहे. प्रत्येक चादरीमागे एका बाईची सावली उभी. चादर काढली की तिथे कोणी नाही. सावली पुढच्या चादरीवर. शेवटची चादर उरते, तीही ती काढते. बस्स. मुलगी झाली नऊ वर्षांची सेलीना. बाई झाली माझी आई, कारण दुसरं कोणी रिकामं नव्हतं. चादरीचं टोक वाऱ्यात धरून ठेवायला होती माझी मैत्रीण डॉर्कस, गावची नर्स. मुलगी एकदाच हाक मारते, "ड्रुसिला?" आईचं खरं नाव. दुसरं नाव सुचवण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. ही चूक माझी आहे, आणि या कागदावर मी ती कबूल करते.

लघुपट खूप लोकांनी पाहिला. आठ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आई गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कंपनीचे एक गृहस्थ बोटीने आले. वाटाण्याचं सूप दोनदा मागून घेतलं आणि म्हणाले, "बाई, सात मिनिटांचे शंभर करायचे तर प्रेक्षकाला कारण लागतं. ती तिथे उभी का आहे?"

"कपडे वाळत घातलेत म्हणून," मी म्हटलं.

ते खूप हसले. कारण त्यांनी स्वतःच शोधलं. मोठ्या सिनेमात ड्रुसिला तीन मुलांना समुद्रात बुडवते आणि या दोरीने गळफास घेते. सेलीनाच्या जागी एक निळ्या डोळ्यांची मुलगी आली. नाव तेवढं तसंच ठेवलं. नाव छान आहे म्हणे.

माझ्या आईने अकरा मुलांना पोहायला शिकवलं. या गावात, जिथे कोळ्यांनाही पोहता येत नाही.

आता उन्हाळ्यात माणसं येतात. आईच्या कबरीवर पाय ठेवून फोटो काढतात. शेजारच्या लेस्टर हिस्कॉकने बोर्डच लावला आहे: 'बुडवणारीचं घर, शंभर पावलं'. मी भांडायला गेले तर म्हणतो, "अगं वर्षातून चार माणसं येतात, माझा चहा-केक खातात, तुझं काय जातं? सिनेमाच तर आहे."

"लेस्टर, तुला पाण्यात हात-पाय मारायला कोणी शिकवलं?"

"ते वेगळं," तो म्हणाला, आणि आत गेला.

खरी ड्रुसिला दाखवायची तर लघुपट दाखवायला हवा. तोच कुठे राहिलेला नाही. कंपनीशी झालेल्या करारानुसार तो सगळीकडून काढून टाकला, मोठा सिनेमा चालावा म्हणून. माझ्याकडे एक प्रत आहे. ती मी एकटीने, घरात पाहू शकते. माझ्यामागे, करारात लिहिलंय, 'मृत्युपत्रान्वये जे वारस ठरतील त्यांनी, तिच्या राहत्या घरी' पाहावी. हे वाक्य मी आठ वर्षं वाचते आहे. वारस किती असावेत, हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

कलम ३. म्हणून, आईच्या टोपलीतले, दोरीवर कपडे अडकवायचे लाकडी चिमटे मी गावातल्या एकसष्ट माणसांना प्रत्येकी एक देते. नावांची यादी सोबत जोडली आहे. तीत पाळण्यातलं पार्डींचं बाळही आहे. यातला प्रत्येक जण माझा कायदेशीर वारस आहे. कंपनीच्या वकिलांनी हवं तर चिमटे मोजून घ्यावेत.

कलम ४. पहिला चिमटा लेस्टर हिस्कॉकला, आणि पहिल्या रांगेतली खुर्चीही. त्याने डोळे मिटू नयेत.

कलम ५. मला पुरून आल्यावर सर्व वारसांनी माझ्या घरी, मागच्या अंगणात जमावं. मावले नाहीत तर घरात जाऊन उघड्या खिडक्यांतून पाहावं. दोरीवर पांढरी चादर लावून तिच्यावर लघुपट दाखवावा. शेवटची चादर काढल्यावर पडदा काळा होतो. तिथे कोणीही उठू नये. पुढे अकरा सेकंद आहेत. ती कापा, असं मला प्रत्येकाने सांगितलं होतं. सगळी भीती जाते म्हणे. मी कापली नाहीत. मोठ्या सिनेमात ती नाहीत.

साक्षीदारांविषयी: सही करणाऱ्याला वारसा मिळत नाही, असा कायदा आहे. म्हणून मला सोडून गावात उरणाऱ्या त्रेसष्टांपैकी दोघांना चिमटा नाही. बोटीचे कप्तान हेडली ब्लॅगडन म्हणाले, "दे इकडे पेन. मला तसंही भुताचं बघवत नाही." डॉर्कसला विचारताना मात्र माझी जीभ अडखळली.

"वेडी का गं तू," ती म्हणाली. "मी तिथे होते. मला कशाला चिमटा?"

शस्त्रक्रियेतून मी परत आले तर हे मृत्युपत्र तसंच राहील, वारसांना तेवढी वाट पाहावी लागेल. काही झालं तरी ती अकरा सेकंद या गावाच्या कानावर पडतील. काळ्या पडद्यावर, वाऱ्यात, माझ्या आईचा आवाज:

"झालं का गं रोंडा? हात गारठले माझे. आणि त्या चादरी नीट घडी करून आण, बोळे करू नकोस."

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

सही: रोंडा कीपिंग

साक्षीदार: १. डॉर्कस पार्डी, नर्स (चादरीचं टोक मीच धरलं होतं)
२. हेडली ब्लॅगडन, बोटीचे कप्तान

स्थळ: मर्सर्स टिकल, न्यूफाउंडलँड
दिनांक: १४ सप्टेंबर २०२३. वारा चांगला आहे, कपडे बाहेर आहेत.